पहिल्या भागातलं एक वाक्य

आण्णा, तुमचा बॅनर अजून चौकात आहे. भाच्याच्या लग्नातला फेटा घातलेला फोटो लावलाय आणि मागे कुणीतरी निळे ढग आणि एक पांढरं कबुतर चिकटवलंय. तुम्हाला हे मुळीच आवडलं नसतं. "कबुतर कशापायी? मी काय खुराडं चालवीत हुतो व्हय?" असं म्हणून तुम्ही त्या पोरांना बॅनर उतरवायला लावला असतात. नावाच्या आधी 'पैलवान' लिहिलंय, तेवढं बरं केलं. खाली शोकाकुल म्हणून निम्म्या जांबे गावाची नावं आहेत. त्यात माझं नाही. भाडेकरणीचं नाव बॅनरवर येत नसतं, आणि आलं असतं तर मीच त्यावर कागद चिकटवला असता. कामावर जाताना मी आता मागच्या रस्त्याने जाते.

मी परभणीची, म्हणून तुम्ही मला परभणी म्हणायचात. माझ्या आधी वरच्या खोलीत वाशीम राहायची, तिच्या आधी जळगाव. पोरी येतात, कंपनी बदलली की जातात, नावं कशाला पाठ करायची, असा तुमचा रोखठोक हिशोब. तीन वर्षं मी तुमच्या घरात राहिले, काकूंच्या हातचं जेवले, आणि तुम्हाला माझं खरं नाव माहीत होतं की नाही याची मला आजही खात्री नाही.

आपलं जमलं ते वायफायमुळे. तुमच्या हॉलमधला तो डबा वरच्या मजल्यापर्यंत पोचायचा नाही, म्हणून रविवारी सकाळी मी लॅपटॉप घेऊन जिन्यात बसायचे आणि जपानी ॲनिमे बघायचे. एका रविवारी तुम्ही धारेची बादली घेऊन गोठ्यातून आलात आणि माझ्या डोक्यावरून वाकून बघत उभे राहिलात. पडद्यावर एक पोरगा तलवार उगारून धावत होता. "ह्याचा पाय बग," तुम्ही म्हणालात, "वजन मागच्या पायावर हाय आनि मारतुया पुढनं. पडंल." दुसऱ्या क्षणाला तो पडला. तुम्ही बादली खाली ठेवलीत आणि पायरीवर बसलात. काकू आतून ओरडल्या, "ह्या वयात कार्टून?" त्यावर तुम्ही म्हणालात, "कार्टून म्हनू नगंस. कुस्ती हाय ही."

पुढच्या रविवारी तुम्ही मला लॅपटॉप हॉलमधल्या मोठ्या टीव्हीला जोडायला लावला. तेव्हापासून आपला तो रिवाज पडला. नवीन मालिका आली की न्याहारीनंतर पहिला भाग लावायचा. बोलणं जपानी, खाली ओळी इंग्रजी, आणि मी त्या ओळी वाचून लगोलग मराठीत सांगायच्या. भाग संपला की टीव्ही बंद, आणि मग निकाल. तुमचे निकाल मातीतले असायचे. सलामी कशी दिली, पकड आहे का, आणि जोड तोलाची आहे का. मारामारी असली की तुम्ही खुर्चीच्या कडेला येऊन बसायचात, प्रेमाचं सुरू झालं की खिडकीबाहेर म्हैस बघायचात आणि मला म्हणायचात, "तू सांगत ऱ्हा, मी ऐकतुया." माझं भाषांतर थांबलं की मात्र लगेच मान वळायची.

माझ्या कंपनीने एका सकाळी आमची अर्धी टीम काढून टाकली, त्या दिवशी मी पायरीवर बसून रडत होते. तुम्ही समजूत काढली नाहीत. उभ्या उभ्या विचारलंत, "पाठ टेकली का? न्हाई ना? मंग कुस्ती चालू हाय." आणि काकूंना सांगून टाकलंत की नवीन काम लागेपर्यंत परभणीचं ताट खालीच. मी सात आठवडे तुमच्याकडे जेवले. त्याबद्दल मी कधी धड आभारही मानले नाहीत, कारण मानले असते तर तुम्ही चिडला असतात. आता मानते. तुम्ही माझ्यासाठी वडिलांसारखं सगळं केलंत, आण्णा, आणि म्हणूनच पुढचं लिहिताना मला लाज वाटतेय.

आपलं एक भांडण अर्धंच राहिलं. तुमचं म्हणणं, पहिल्या भागात कळतं ते कळतं. पैलवान आखाड्यात उतरला की पहिल्या सलामीतच त्याचं पाणी जोखता येतं. माझं म्हणणं, निदान तीन भाग बघावेत, पहिल्यात सगळेच बुजलेले असतात. दर वेळी यावर आपण खेळीमेळीत भांडायचो. पण मे महिन्यातल्या एका रविवारी माझी जीभ घसरली. नाव न घेता तुम्ही सांगत होता की लेक लग्न ठरवून एका मुलाला घरी घेऊन आली तेव्हा तो उंबऱ्यात उभा राहिला त्यावरूनच तुम्हाला कळलं, हा आपला नव्हे. दुसऱ्या जातीतला होता हे तुम्ही बोलला नाहीत, पण मला काकूंकडून माहीत होतं. मी म्हणाले, "आण्णा, जावयाचा तुम्ही एकच भाग बघितलात."

तुम्ही रिमोट उचलून टीव्ही बंद केलात आणि गोठ्यात गेलात. चार वर्षं तुमची एकुलती एक लेक अश्विनी सूसला राहत होती, गाडीवर अर्ध्या तासाच्या अंतरावर, आणि त्या घरात तिचं नाव घ्यायची बंदी होती. ती दोनदा येऊन फाटकातून परत गेली होती. हे सगळं माहीत असून मी बोलले. दोन रविवार तुम्ही मला हाक मारली नाहीत. तिसऱ्या रविवारी जिन्यातून आवाज आला, "परभणी, खाली ये. नवीन काय लागलंय?" म्हटलं, चला, मिटलं. पण मिटलं नव्हतं. तुम्ही ते चघळत होता. त्यानंतर काकूंशी बोलताना मी कान देऊन ऐकलंय तुम्हाला. "ती पोरगी म्हनती ते काय अगदीच खोटं न्हाई."

श्रावणात तुमचं पोट दुखायला लागलं. दवाखाना झाला, तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी तुमच्या धाकट्या भावाला बाहेर बोलावून सांगितलं, भावाने काकूंना. काकूंचा विश्वास बसेना, म्हणून त्या फाईल पदराखाली झाकून वर माझ्याकडे आल्या. "पोरी, ह्यात काय ल्हिवलंय ते बग. भाऊजी चुकीचं समजलं आसतील." मी वाचलं. भाऊजी बरोबर समजले होते. स्वादुपिंडापासून सुरू होऊन सगळीकडे पसरलेलं होतं. काकू माझ्या कॉटवर बसल्या आणि बराच वेळ फाईलचा कोपरा दुमडत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्यांना सांगायचं न्हाई. कळलं तर गडी जाग्यावर बसंल. जेवढं हाय तेवढं हसत जाऊ दे." अश्विनीलाही कळवायचं नाही, कारण ती धावत आली असती आणि ती का आली हे तुम्ही एका नजरेत ओळखलं असतंत. काकूंना दोष देऊ नका, आण्णा. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी तुम्हाला कधी हरलेलं पाहिलं नव्हतं, आणि पाहायचं नव्हतं.

दोन दिवसांनी तीच फाईल तुम्ही स्वतः घेऊन आलात. माझ्यापुढे धरलीत आणि म्हणालात, "वाच. आनि खरं सांग. तू इंग्रजीचं मराठी बेस करतीस." मी तीच पानं पुन्हा उलटली, जणू पहिल्यांदाच बघतेय अशी, आणि म्हणाले, "सूज आहे. औषधाने कमी होईल. वेळ लागेल म्हणतात." तुम्ही मान डोलावलीत. माझ्यावर तुमचा विश्वास होता.

पितृपंधरवड्यातला तो रविवार. तुम्ही बारीक झाला होता, सदरा खांद्यावरून उतरत होता, पण चालते-बोलते होता. मी नवीन मालिकेचा पहिला भाग लावला. नाव लांबलचक जपानी होतं; तुम्ही दोन मिनिटांत त्याचं 'भालेवाली' करून टाकलंत. सुरुवातच धुक्याने झाली, आणि तुम्ही म्हणालात, "हे तर आपलं ताम्हिणीकडचं." डोंगरावर गड, दरीवर दोरांचा पूल, आणि पुलावर एक पोरगी भाला घेऊन शत्रूच्या शिपायाला अडवून उभी. संगीत नाही. फक्त फळ्यांची करकर आणि दोघांचे श्वास. मी इतके पहिले भाग बघितलेत, पण मारामारीत माणसांना असं वजन दिलेलं क्वचित बघितलंय. ती भाला फिरवायची तेव्हा पूल खरोखर एका बाजूला झुकायचा. तुम्ही खुर्चीच्या कडेला आलात. "चित्र काढनाऱ्यानं तालीम केलीया," म्हणालात.

मग पूल तुटतो आणि दोघं एकाच दोराला लटकतात. ती वर, तो खाली. तिच्या कमरेला सुरी आहे. दोर कापला तर ती वाचेल. ती त्याच्याकडे बघते आणि सुरी दरीत टाकून देते. तुम्ही मांडीवर थाप मारलीत. तिथपर्यंत भाग पहिल्या नंबराचा होता. पुढे मात्र त्यांनी एका झटक्यात सहा महिने उडवले आणि दोघं प्रेमात पडलेले दाखवले. मला ती घाई वाटली आणि आजही वाटते. एवढी तोलाची जोड लावायची आणि मधली सगळी झोंबाझोंबी गाळायची, हे काही बरोबर नाही. ती त्याला घेऊन गडावर येते. तिचा बाप, गडाचा मालक, त्याच्याकडे एकदाच बघतो आणि दोघांना बाहेर काढतो. दरवाजा बंद होतो. आतून कॅमेरा बापाच्या पाठीवर थांबतो. काकू कडेला बसून लसूण सोलत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. त्या वेळी तुम्ही म्हैस बघत नव्हता.

शेवटचा प्रसंग काही वर्षांनंतरचा. बाहेर बर्फ, आत शेगडीपाशी तोच बाप, म्हातारा झालेला, खोकणारा. समोर त्याचा जुना सेवक. खाली ओळ आली. त्या ओळीचा सरळ अर्थ होता, "हा हिवाळा काही मी काढत नाही. तिला आजच बोलावून घ्या."

मी ती वाचली. ते वाक्य कुणीतरी तुमच्या फाईलमधून उचलून पडद्यावर ठेवलंय असं मला वाटलं. तुम्ही वाट बघत होता. "काय म्हनतुया म्हातारा?" आणि मी म्हणाले, "म्हणतोय, हिवाळा संपला की तिला बोलावून घ्या."

एवढंच. वाईट वाटू नये म्हणून मी मरण काढून टाकलं, आणि त्याच्याबरोबर 'आजच' हा शब्दही गेला. घाईघाईत केलेलं वाक्य, पण कानाला किती बरोबर लागलं. पडद्यावर तो सेवक रडत होता. तुम्ही विचारलंत, "मंग ह्यो रडतुया कशापायी?" मी म्हणाले, "आनंदाने."

मी टीव्ही बंद केला. तुमचा निकाल मला शब्दन् शब्द आठवतो. "सलामी झ्याक. जोड तोलाची. म्हातारा बी शेवटाला वळनावर आला. आनि घाई न्हाई केली त्यानं, ह्ये बेस." मग काकूंकडे न बघता, "आपली बी पितरं चालू हायती. आत्ता नगं. दिवाळीला बोलावू अश्वीला. लेक दिवाळीलाच येती."

चार वर्षांनी तुमच्या तोंडून तिचं नाव निघालं होतं. काकूंच्या हातातला लसूण तसाच राहिला. माझ्याकडे बघून त्या उठल्या आणि आत गेल्या. मी मागोमाग गेले तर ओट्याला धरून उभ्या होत्या. "दिवाळीपातुर ऱ्हात्यात का गं?" त्यांनी विचारलं. फाईल मी वाचली होती, त्यामुळे उत्तर माझ्याकडे होतं. ते मी त्यांनाही दिलं नाही. "बघू," म्हणाले. त्या वेळी बाहेर येऊन तुम्हाला सांगायला हवं होतं, आण्णा, माझं चुकलं, वाक्य वेगळं होतं. दहा पावलांवर बसला होता तुम्ही. मी पोहे खाल्ले आणि वर निघून गेले.

त्यानंतर अकरा दिवस तुम्ही चांगले होता. मी रोज मोजले, कारण रोज सकाळी वाटायचं की आज सांगते. एकदा तर गोठ्यापर्यंत आले, तुम्ही म्हशीची पाठ घासत होता, तुम्हीच विचारलंत, "काय गं, भालेवालीचा दुसरा भाग आला का?" मी हो म्हणाले आणि परत फिरले. बाराव्या दिवशी डोळे पिवळे झाले, तेराव्या दिवशी तुम्हाला दवाखान्यात नेलं. काकूंनी स्वतः अश्विनीला फोन केला. ती पोचली तेव्हा तुम्ही कुणालाच ओळखत नव्हता. दसऱ्याच्या दोन दिवस आधी तुम्ही गेलात. लोक म्हणाले, पैलवान माणूस, कुणाला त्रास न देता गेला. मी ते ऐकून घेतलं.

तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी अश्विनी वर माझ्या खोलीत आली. आम्ही कधी बोललो नव्हतो. तिचे डोळे तुमच्यासारखे आहेत आणि बसायची पद्धतही, गुडघ्यांवर दोन्ही हात. मी पाणी दिलं, तिने ग्लास हातात धरून ठेवला.

"आई म्हणते, शेवटी शेवटी आण्णा तुझ्याशीच जास्त बोलायचे."

"रविवारी एकत्र बघायचो आम्ही."

"तो टीव्ही मी आणला होता. माझ्या पहिल्या पगारातून. माझ्याबद्दल बोलले काही? हे बघ, मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नकोस. खालचे सगळे तेच करतायत."

माझ्याकडे वाक्य तयार होतं. तुमची खूप आठवण काढायचे. बोलायला सोपं, कुणाला दुखवणार नाही असं, माझ्या नेहमीच्या पद्धतीचं. पण ती समोर बसली होती आणि तिने तेच मागितलं होतं जे तुम्ही फाईल पुढे धरून मागितलं होतंत. मी तिला सगळं सांगितलं. फाईल, सूज, म्हातारा, हिवाळा. तिने ग्लास खाली ठेवला. मग म्हणाली, "दाखव मला तो भाग. तेवढाच प्रसंग."

मी लॅपटॉपवर लावला. तिला भाषांतर लागत नव्हतं. तिने ओळ वाचली, मागे नेऊन पुन्हा वाचली. "तू काय सांगितलंस त्यांना? जसंच्या तसं सांग." मी सांगितलं. "पुन्हा." मी पुन्हा सांगितलं. आपल्याच आवाजात ते वाक्य दोनदा ऐकताना मला तिथून उठून जावंसं वाटत होतं.

ती पडद्याकडे बघतच म्हणाली, तुमच्या बोलीत म्हणाली, "'ह्यो हिवाळा काय मी काढत न्हाई. तिला आजच बोलवा.' एवढंच होतं. काय अवघड होतं गं त्यात?"

मी माफी मागितली. तिने ती घेतली नाही, आणि घ्यावी असं मलाही वाटलं नाही. ती उठली, दारापर्यंत गेली आणि वळली.

"एक विचारते. तू बरोबर सांगितलं असतंस, तरी त्यांनी मला फोन केला असता का? हट्टी माणूस होता तो. केला असता?"

तिथे मला तिला सोडवता आलं असतं, आण्णा. 'माहीत नाही' एवढं म्हटलं असतं तर ती आयुष्यभर स्वतःची समजूत काढू शकली असती की नाहीतरी तुम्ही केलाच नसता. पण जे फक्त तुम्हाला आणि मला माहीत होतं, जे काकूंनी खाली मान घालून लसूण सोलताना पाहिलं नाही, ते मी सांगितलं. पडद्यावर गडाचा दरवाजा बंद झाला तेव्हा तुम्ही खिशातून चष्मा काढून लावला होतात, खिडकीतला फोन उचलला होतात, आणि अंगठ्याने यादी खाली सरकवत सरकवत एका नावावर येऊन थांबला होतात.

"केला असता," मी म्हणाले. "फोन हातात होता. अंगठा तुमच्या नावावर होता."

तिने दाराची कडी धरली. "मग?"

"मग माझं वाक्य आलं. त्यांनी फोन पालथा ठेवला."